सतरा नंबरचा निबंध

मार्चमधल्या एका दुपारी रशियातल्या कोस्त्रोमा गावी मुलांच्या वाचनालयात तीन परीक्षक निबंध तपासत बसले होते. विषय वरून ठरून आलेला: ‘आम्ही आणि पश्चिम’. एकेचाळीस निबंध, मुलांची नावं काढून नुसते नंबर घातलेले.

तिघांत वेनिआमिन सावेल्येविच कुक्लिन वयानं मोठे, एकाहत्तरचे. अध्यापक विद्यालयात त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. ‘दोन्ही बाजू वाचा, मग खुशाल भांडा’ हे त्यांचं वाक्य गावातले निम्मे शिक्षक त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत. आज मात्र पंधरा-सोळा निबंध वाचून त्यांना पेंग येऊ लागली होती. सगळ्या मुलांनी एकाच पुस्तकातला एकच धडा घोटून आणला होता.

“हे ऐका,” शेजारच्या फाइना मार्कोव्ना एकदम म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. “सतरा नंबर. पोराला भाषा आहे हो! ‘परक्याच्या खिडकीत उभं राहून जो स्वतःच्या घराकडे बघतो, त्याला घरातली धूळ तेवढी दिसते.’ वा!”

वेनिआमिन चहात कडक बिस्किट बुडवत होते. हात तसाच थांबला. बिस्किट विरघळून तळाला गेलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

“पुढं वाचा,” ते म्हणाले.

“‘असे लोक पश्चिमेचे ग्रामोफोन असतात. तबकडी तिकडची, कर्णा आमच्या वर्गात. आमच्या शाळेतले इतिहासाचे शिक्षक रोदिओन ल्वोविच तारानोव हे असेच एक ग्रामोफोन आहेत.’” फाइना मार्कोव्ना अडखळल्या. “अगबाई. नावच घातलंय की.”

वेनिआमिनच्या कानात शिट्टी वाजावी तसं झालं. आजकालच्या कुठल्या पोरानं ग्रामोफोन पाहिलाय? ते वाक्य त्यांचं होतं. खिडकीही त्यांची, धूळही त्यांची. चौऱ्याऐंशी साली, एकतिसाव्या वर्षी, त्यांनी एक चोपडी लिहिली होती. एका फिन्निश अभ्यासकाशी पत्रव्यवहार केला म्हणून त्यांना वर बोलावणं आलं होतं. नोकरी राहते की जाते अशी वेळ. अंगावरचं झटकायला त्यांनी ते सगळं चोपडीत नाव घेऊन शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहशिक्षकावर, इन्नोकेंती पोलुयानोववर ढकललं. तीनशे प्रती निघाल्या. पोलुयानोव गिरणीच्या बॉयलरखोलीत कोळसा ओढायला गेला आणि वेनिआमिन वर्गात राहिले. पुढं दिवस पालटले, तसे त्यांनी वर्गात नेमकं उलटं शिकवलं, मनापासून शिकवलं. चोपडीचं नाव कुणी काढलं नाही. त्यांनीही नाही.

“हा निबंध बाद करा,” ते म्हणाले. “ही नक्कल आहे.”

तिसरे परीक्षक ग्लेब दानिलोविच, शिक्षण खात्यातले तरुण अधिकारी. त्यांनी फोनवरून मान वर केली. “कुणाची नक्कल?”

“माझी.”

ग्लेब दानिलोविच खुर्ची मागं सारून उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी वेनिआमिनचा हात धरला. “अहो, आणि इतकी वर्षं लपवून ठेवलंत? चाळीस वर्षांपूर्वी तुम्हाला हे सगळं दिसलं होतं!”

“काही दिसलं नव्हतं. मी भ्यालो होतो. आणि ही चोरी आहे.”

“चोरी कसली, आजोबांचा कोट नातवंडाला बसला तर त्याला चोरी म्हणतात का? पहिला नंबर हाच. आणि ती चोपडी मला द्या, पुन्हा छापू.”

“आणि तारानोवचं नाव?”

“ते योग्य ठिकाणी कळेल.” ते इतक्या सहज म्हणाले की फाइना मार्कोव्नांनी पेल्यातला चमचा उगीचच फिरवला.

रोदिओन तारानोव हा वेनिआमिनचाच विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच्या शाळेत गेले. निबंध कुणाचा हे दरवाज्यावरच्या बाईंनी लगेच सांगितलं. शाळेत एव्हाना बोभाटा झाला होता. झ्लाता, अकरावीतली, लांब वेणीची. कोट ठेवायच्या खोलीपाशी ती बूट बदलत होती.

“ती चोपडी तुला कुठं मिळाली?”

“आजीच्या कपाटात. तुम्हीच का ते कुक्लिन?” पोरीचे डोळे चमकले. “किती छान लिहिता तुम्ही! हल्ली असं कुणी लिहीतच नाही.”

“तारानोव सरांनी तुझं काही वाईट केलंय का?”

“छे! चांगले आहेत. एकदा पोलंडमधल्या शाळेच्या पुस्तकातलं पान वाचून दाखवलं, म्हणाले, बघा तिकडची मुलं हेच कसं शिकतात. मजा आली होती.”

“मग त्यांचं नाव का घातलंस, बाळ?”

झ्लातानं बुटाची नाडी बांधता बांधता वर पाहिलं. प्रश्नच तिला नीट कळला नव्हता. “तिथं नाव होतं ना. पोलुया... कुणीतरी. तो कोण मला माहीत नाही. नाव गाळलं तर वाक्य लंगडं पडत होतं. म्हणून मग सरांचं घातलं.”

वेनिआमिननी खुंटीवरच्या कुणाच्या तरी कोटाचा आधार घेतला. रागापोटी लिहिलं असतं तर समजलं असतं, भीतीपोटी लिहिलं असतं तर जास्तच समजलं असतं. पण इथं ना राग होता ना भीती. एक रिकामी जागा होती आणि पोरीनं ती भरली होती.

“मी काही चुकीचं केलं का?” ती म्हणाली. आवाज खरोखरच घाबरला होता. ते तारानोवच्या वर्गाकडे वळले.

तारानोव वर्गात एकटाच नकाशे गुंडाळत होता. “या, सर. मुख्याध्यापिकांनी सकाळीच बोलावलं होतं. चौकशी व्हायच्या आधी स्वतःहून राजीनाम्याचा अर्ज द्या म्हणतात.” तो हसला. “आणि ते वाक्य झ्लाताचं नाही हो. तिला स्वल्पविराम देता येत नाही. कुणाचं असेल?”

“माझं,” वेनिआमिन म्हणाले, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

तारानोव खाली बसला. बराच वेळ तो त्यांच्याकडे ओळख पटत नसल्यासारखा बघत राहिला. “दोन्ही बाजू वाचा, असं तुम्हीच शिकवलंत आम्हाला,” तो म्हणाला. “तुमची ही बाजू कधी दिली नाहीत वाचायला.”

वेनिआमिननी त्याच टेबलावर खात्याला पत्र लिहिलं: चोपडी खोटी होती, पोलुयानोव निर्दोष होता, तारानोवही निर्दोष आहे. तारानोवनं ते वाचलंसुद्धा नाही. पत्राचं उत्तर आलं नाही. निबंधाला पहिला नंबर मिळाला. छापताना नावाच्या जागी ‘एक शिक्षक’ एवढंच घातलं. तारानोव एप्रिलमध्ये शाळा सोडून काझानला मेहुण्याकडे गेला. जाताना निरोप घ्यायला आला नाही.

पोलुयानोव वारून पंचवीस वर्षं झाली होती, पण त्याची मुलगी गावातच होती. मे महिन्यात एका सकाळी वेनिआमिन तिच्या घराचे चार जिने चढले. दार उघडलं ते पन्नाशीच्या बाईनं, हाताला पीठ लागलेलं.

“कोण पाहिजे?”

त्यांनी नाव सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. दारातच, धाप लागलेली असताना, त्यांनी चोपडीबद्दल सांगितलं, वडिलांची नोकरी कुणामुळं गेली ते सांगितलं, क्षमा मागितली.

ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “पण बाबांना शिकवायचा कंटाळा आला होता. बॉयलरपाशी ऊब असते, वाचायला वेळ मिळतो, म्हणून त्यांनी स्वतःच सोडली नोकरी. ते आम्हाला नेहमी हसून सांगायचे. आई तर त्यावरून त्यांना आयुष्यभर बोल लावत गेली. आळशी म्हणायची. मीही म्हणायची.”

पोलुयानोवनं घरी खरं कारण सांगितलंच नसेल, हे वेनिआमिनच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“मीही म्हणायची,” ती पुन्हा म्हणाली, आणि पिठाचे हात तसेच ठेवून दारातल्या पायरीवर बसली. आत गॅसवर काहीतरी उतू जाऊन चरचरलं. ती उठली नाही. तिच्या शेजारी बसावं की निघून जावं हे वेनिआमिनना कळेना. कठडा धरून ते तिथंच उभे राहिले.