हातमोज्यातली मूठ

तिला घरात सगळे बगळी म्हणत. ओतकाम करणाऱ्यांच्या घरात जन्मून ही मुलगी पाय उचलून उचलून चालायची, दाराची कडी कोपरानं काढायची आणि साबणाची वडी चार दिवसांत संपवायची. "आपल्याकडे कोळशापेक्षा फेसाचा खर्च जास्त," मामा म्हणायचा. ती खळखळून हसायची. गोष्ट हसण्यावारी नेली की पुढचे प्रश्न टळतात, एवढं तिला कळत होतं.

कारण पंजा फक्त तिलाच दिसायचा.

काळा, रुंद, पाचही बोटं फाकलेला. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर, धुतलेल्या अभ्र्यावर, कधी वहीच्या कोऱ्या पानावर. डोळे मिटून उघडले की नाहीसा. पण मग हात धुवावेच लागायचे. बोटांच्या बेचक्या लाल झाल्या की कुठे छातीतली धडधड बसायची, तीही पुढचा पंजा दिसेपर्यंत.

त्या आठवड्यात आईचा उजवा हात मोडला. आजोबा गेल्यापासून कारखान्यात वाळूचे साचे आईच बनवायची आणि मामा त्यात वितळलेला धातू ओतायचा. एक मोठी पुली त्याच आठवड्यात ओतून द्यायची होती.

"वाळू तू मळ," आई म्हणाली.

"मी?"

"नाही, शेजारचं मांजर. ऊठ."

ती भांडी घासायचे रबरी हातमोजे कोपरापर्यंत चढवून आली. मामानं कपाळाला हात लावला. "या डॉक्टरीणबाई! पेशंट आधीच काळाठिक्कर पडलाय बघा."

वाळूचा ढीग काळा, ओला आणि थंड. त्याच्या उतारावर पंजा होता. तिनं फावड्यानं तो मोडला. दुसऱ्या बाजूला पुन्हा होता. तिनं तिकडे पाहणंच सोडलं आणि दात आवळून पाणी घालत राहिली.

वाळू जमली की नाही ते मुठीत कळतं. थेंबभर जास्त पाणीही चालत नाही. वाळू दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा घट्ट राहिला, त्यावर बोटांचे ठसे उमटले आणि तळवा कोरडा निघाला, तर जमली. तळव्याला चिकटली, तर पाणी जास्त. तसल्या साच्यात तापलेला धातू गेला की आत वाफ कोंडते आणि सगळं उसळून ओतणाऱ्याच्या तोंडावर येतं.

तिनं मूठ दाबली. गोळा छान झाला.

"तळवा कोरडा?" आईनं भट्टीजवळून ओरडून विचारलं.

"कोरडा!"

खोटं नव्हतं. हातमोज्याच्या आत तिचा तळवा अगदी कोरडा होता.

आईनं डाव्या हातानं दाखवलं तशी तिनं वाळू साच्याच्या पेटीत ठोकून बसवली. साचा तयार झाला. मामानं धातूनं भरलेलं भांडं लांब दांड्यांच्या चिमट्यात उचललं आणि निघाला. त्याचा चेहरा उजळून लाल झाला होता. ओतायला वाकेल तेव्हा तो साच्याच्या बरोब्बर वर येणार होता.

तेव्हा तिचं लक्ष हातमोज्याकडे गेलं. तळवा कोरडा आहे हे सांगितलं कुणी? गुळगुळीत रबरानं, ज्याला वाळू चिकटतच नाही.

तिनं हातमोजा ओढून फेकला आणि उघडा हात उरलेल्या वाळूत खुपसला.

आणि आजोबा डोळ्यांपुढे आले. ती सात वर्षांची, अंगात नवा पांढरा फ्रॉक. भर दुपारी ते कारखान्याच्या दारातून बाहेर आले आणि काळा हात तिच्याकडे पुढे केला. "शी! घाण!" म्हणत ती मागे सरली. ते पडले. हात फ्रॉकवर उमटला आणि घसरत खाली गेला. ते पुन्हा उठलेच नाहीत.

तिनं मूठ उघडली. सगळा तळवा वाळूनं माखलेला.

"थांब! मामा, थांब! ओली आहे!"

मामा जागच्या जागी थिजला. मग मागे वळला आणि त्यानं भांडं भट्टीत परत ठेवलं. आईनं तिचा हात उलटसुलट करून पाहिला, आणि शिवी हासडणार एवढ्यात पोरगी रडायलाच लागली. आठ वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं, तो 'शी'सुद्धा.

आई वाळूतच बसली. "सकाळपासून छातीत दुखत होतं त्यांच्या. वाऱ्यावर बसा म्हणून मीच बाहेर पाठवलं. तोल जात होता गं, म्हणून हात पुढे केला."

"मी धरला असता तर?"

"तर तूही पडली असतीस. सात वर्षांची होतीस, खांब नव्हतीस."

मामानं नाक ओढलं. "आणि 'शी' तर त्यांना आम्ही सगळेच म्हणायचो. जेवायला बसायचे तसेच!"

साचा मोडला. कोरडी वाळू मिसळून तिनं पुन्हा मळली, या खेपेला उघड्या हातांनी. नळ चार पावलांवर होता. नखांत काळं शिरत होतं आणि प्रत्येक मुठीसरशी पळून जावंसं वाटत होतं. सहाव्या मुठीला ठसे उमटले आणि तळवा कोरडा निघाला. खात्री पटेना म्हणून तिनं सातवी दाबली.

नवी पेटी ठोकून झाली. "मामा, ओत," ती म्हणाली.

मामा वाकला. तिनं डोळे मिटले नाहीत. लाल धार आत उतरत राहिली, कडेनं जराशी वाफ निघाली, आणि साचा गप्प राहिला.