कोयत्यासाठी नवरी

सकाळी अकराला सोलापूरच्या कोर्टात रेश्मा पक्षकारांच्या तारखा उतरवून घेत होती, तेवढ्यात मामेबहिणीचा, सोनालीचा फोन आला. "ताई, आज दुपारी माझी हळद हाय. उद्या लगीन. मला न्हाय करायचं गं!"

सोनाली नववीत. ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम एकटा गडी घेत नाही. त्याला नवरा-बायकोची जोडी लागते, तिलाच 'एक कोयता' म्हणतात. मग हंगाम तोंडावर आला की पोरींची लग्नं उरकायची. वा रे रीत! रेश्माची आईही अशीच तेराव्या वर्षी लग्न होऊन उसाच्या फडात गेली आणि रेश्मा श्रीपूरजवळच्या पाचटाच्या खोपीत जन्मली. तिथून तिला आणून शाळेत घातलं ते मामानं, जोतीरामनं. आता त्याच्याच विरुद्ध अर्ज करायचा!

वकिलीची सनद मिळून आठच महिने झाले होते. "अर्जात रडायचं नाही, जन्मतारीख लिहायची," असं ती ज्यांच्या हाताखाली काम करायची त्या बिभीषणसरांनी तिला शिकवलं होतं. तिनं शाळेतून दाखल्याचा फोटो मागवला. त्यावरची जन्मतारीख घालून अर्ज लिहिला. न्यायाधीशांनी विचारलं, "मुलीचे वडील तुमचे कोण?"

"सख्खे मामा," ती म्हणाली.

दुपारी तीनला लग्नाला मनाई करणारा हुकूम आणि एक पोलीस घेऊन ती मामाच्या गावी, कुंभारीला पोचली. मांडवात सोनाली हळदीनं माखून बसली होती. हुकूम वाचताना रेश्माचा आवाज चिरकला. पण तिनं तो शेवटपर्यंत वाचला.

जोतीराम हात उगारून धावला. "भवाने, ह्याच्यासाठी शिकीवलं व्हय तुला? हळद लागलेली पोर आता कोण करंल?"

"मारायचं तर मारा, मामा. मला फडातनं तुमीच काढलंसा की! मग हिला कशाला घालताय?"

जोतीरामचा हात खाली आला. तो तिथंच मटकन बसला. सोनाली हुंदके देत रेश्माला बिलगली.

हळदीला आलेला सिद्धप्पा मुकादम मात्र बायकांकडं वळून हळूच म्हणाला, "नवरदेवाला, ज्ञानूला बायको तर लागंल की. परवा फडाकडं ट्रॅक्टर हलतोय. हितं दुसरी कुणाची पोर हाय का?"

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे विशेष! एका बाईनं शाळेच्या गणवेशातली हडकुळी पोर पुढं ढकलली.

रेश्मानं आजूबाजूला पाहिलं. मांडवात पन्नास माणसं, आणि पोलीस एकटा. तरी ती त्या पोरीपुढं जाऊन उभी राहिली आणि पिशवीतून कोरा कागद काढला.

"नाव काय गं तुझं, बाळा? कितवीला हाईस?"

"राजनंदिनी," पोर म्हणाली. "सातवीला."