भादव्यातला पोळा

आप्पासाहेबांनी कागदाच्या तिसऱ्या ओळीखाली नख ठेवलं आणि ते दोनदा तिथल्या तिथंच ओढलं.

"ह्ये त्या पोरीनं सोताच लिहिलंय?"

"हो, स्वतःच," विश्वजीत म्हणाला. "आमच्याकडं तशीच पद्धत आहे. ज्याच्या हातून झालं, त्यानं लिहायचं."

"मग बरंच झालं की. आपल्याला हुडकाय नको."

हा कागद विश्वजीतनं मोठ्या तोऱ्यात आणला होता! दूध कंपनीचा मालक चूक कबूल करणाऱ्या मुलीची पाठ थोपटेल, असं त्याला अगदी मनापासून वाटलं होतं. पुण्यात बारा वर्षं नोकरी करून माणूस शिरूरला परतला, की त्याला असलं काहीबाही वाटतं.

कंपनीची शिरूर आणि दौंड तालुक्यांत मिळून दोनशे दहा संकलन केंद्रं. कॅन काट्यावर ठेवला की वजन, फॅट, दर सगळं क्लाउडवर जायचं, म्हणजे लांब कुठंतरी भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर. तिथून होकार आला की पावती निघायची. पावती नाही तर दूध आत नाही, असा खाक्या. हा सगळा डोलारा सांभाळायला दोन वर्षांपूर्वी विश्वजीतला बोलावलं, तेव्हा त्यानं एकच अट घातली होती: माणसं मी निवडणार. संचालकांचे भाचे-पुतणे त्यानं गोड बोलून वाटेला लावले आणि तिघांना घेतलं. दौंडचा सुमित, केडगावहून एस.टी.नं येणारी हर्षदा आणि घोडनदीतल्याच, म्हणजे शिरूर गावातल्याच, एका एस.टी. डेपो मेकॅनिकची मुलगी, भाग्यश्री.

काम शिकवणं सोपं गेलं. अवघड निघालं ते भलतंच. सुमितनं पहिल्याच महिन्यात एक बिघाड तीन दिवस दाबून ठेवला. का रे बाबा, असं विचारलं तर म्हणतो, "बोलणी बसतील म्हणून, सर." घरी बाप, शाळेत मास्तर, सगळीकडं हेच शिकलेला, त्याचा तरी काय दोष? मग विश्वजीतनं सोमवारची बैठक काढली. चहा घ्यायचा आणि आठवड्यात आपल्या हातून काय चुकलं ते सांगायचं. सुरुवात विश्वजीतनं करायची. कुणी ओरडायचं नाही, कुणी हसायचं नाही, आणि दुसऱ्याची चूक सांगायची नाही. ज्याची त्यानं. चार महिने तो एकटाच आपल्या चुका सांगत बसला आणि बाकीचे तिघं बशीकडं बघत राहिले. मग एका सोमवारी भाग्यश्री बोलली, आणि तिच्यामागून सगळेच बोलू लागले. तेव्हापासून कुठं काही खुट्ट झालं, की पाच मिनिटांत विश्वजीतचा फोन वाजायचा. टीम अशी बनली होती, महाराजा, तिच्याकडं बघून त्याला दोन घास जास्त जायचे.

आणि मग हा भादवा उजाडला.

रात्री दूध येत नाही, म्हणून यंदापासून अर्धे सर्व्हर बंद ठेवून पहाटे साडेपाचला चालू करत. पोळ्याला मात्र लोक बैल धुवायला न्यायच्या गडबडीत धारा लवकर काढतात आणि साडेचारलाच केंद्रावर रांग लागते. भाग्यश्रीनं ते ध्यानात ठेवून श्रावणातल्या अमावास्येला वेळ अलीकडं घेतली होती. पण इकडच्या कितीतरी गावांचा पोळा भादव्यात! त्या अमावास्येला साडेचारला सगळी केंद्रं अर्ध्याच सर्व्हरवर एकदम तुटून पडली, सगळी यंत्रणा आडवी झाली, आणि ती पुन्हा उभी राहीपर्यंत साडेआठ वाजले. कॅन उन्हात तसेच. लोकांनी नासलेलं दूध गटारीत ओतलं आणि कंपनीच्या नावानं शिव्या घातल्या.

भाग्यश्रीनं लिहिलं होतं: 'आमच्या घरी बैल नाहीत. भादव्यातही पोळा असतो हे मला ठाऊक नव्हतं. वेळ मी लावली होती.'

त्या कागदात एक गोष्ट नव्हती. वेळ अलीकडं घ्यायच्या तारखांची यादी तिनं आधीच विश्वजीतला आणून दाखवली होती. "एवढेच सण ना, सर?" असं विचारलंही होतं. विश्वजीत तळेगाव ढमढेऱ्याचा. भादव्यात त्याच्या दारातले बैल रंगवून, झुली घालून निघतात. लहानपणी त्यानं स्वतः शिंगं रंगवलेली. पण तेव्हा तो फोनवर होता. त्यानं यादीवरून नजर फिरवली आणि मान हलवली.

"स्वराजला बसवू तिच्या जागंवर," आप्पासाहेब म्हणाले. "मेव्हण्याचा पोरगा हाय, शिकलेलाय. गावोगाव लोक इचारत्यात, कुणावर कारवाई केली म्हणून. काय सांगू त्यांना?"

"साहेब, ती यादी..."

"कसली यादी?"

आप्पासाहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडं बघितलं. आपणही गेलो तर सुमित-हर्षदाला कोण राहिलं, असं विश्वजीतच्या मनात आलं, आणि ते किती सोयीचं आहे हेही त्याला त्याच क्षणी कळलं. लाज वाटली.

"काही नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या विभागात घेता येईल का तिला, एवढंच."

"बघू म्हणं पुढं."

भाग्यश्री जिन्यापाशीच उभी होती. त्याचा चेहरा बघूनच तिला काय ते कळलं. तिनं रडारड केली नाही, की हुज्जत घातली नाही.

"यादीचं मी मुद्दामच लिहिलं नाही, सर," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगाल, म्हणून."

विश्वजीतला मान वर करवेना. गळ्यातलं ओळखपत्र काढून तिनं त्याच्या हातात दिलं आणि खाली उतरून गेली.

सोमवारी चहा आला. भाग्यश्रीच्या खुर्चीत स्वराज बसला होता. नवीन पोरगा, खुशीत होता बिचारा. शनिवारी दुपारी सुमितच्या हातून दौंडकडच्या चाळीस केंद्रांच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या आणि त्यानं त्या कुणाला न कळवता जुन्या प्रतीवरून परत चढवल्या होत्या. विश्वजीतनं ते सकाळीच बघितलं होतं. वाट बघत होता, सुमित आपणहून सांगेल म्हणून.

सगळे विश्वजीतकडं बघू लागले. सुरुवात त्याची असायची.

त्याला यादी आठवली. जिना आठवला. चहाचा एक घोट त्यानं उगाचच जास्त वेळ तोंडात धरला.

"माझं ह्या आठवड्यात काही नाही," तो म्हणाला.

हर्षदानं त्याच्याकडं नीट बघून घेतलं.

"माझंबी न्हाई, सर," ती म्हणाली.

"आरं वा!" स्वराज हसला. "म्हंजी चांगलंच चाललंय की आपलं."

सुमितनं बशीवरची नजर काढली नाही.

"माझं पण काय न्हाई."

"बरं," विश्वजीत म्हणाला. बैठक चार मिनिटांत संपली.