कडी किती उंच लावायची

फकीरप्पाला उठवायचं म्हणजे नीलव्वाला आधी स्वतःचा श्वास कोंडून घ्यावा लागे. काखेत हात घालायचा, पाठीला खांदा लावायचा. उठता उठता तो असा ओरडे, की गोठ्यातली म्हैस कान टवकारी. दोन्ही गुडघे झिजून हाडाला हाड घासत होतं. उभा राहिला तरी माणूस अर्धाच उभा राही, विळ्यासारखा वाकलेला.

"कोण ओरडतंय गं?" ओरडून झालं की तो विचारी.

"तुम्हीच की."

"मी कशाला ओरडू? शेजारचा कुणी असेल." मग दाराकडे बघत, हळव्या आवाजात, "असं ठेवू नये गं माणसाला. दवाखान्यात न्यावं बिचाऱ्याला."

नीलव्वा तोंड फिरवी आणि तव्यावरची भाकरी उलटवी.

अळणावरच्या पुढे सागाच्या रानातून रूळ जातात, त्या रुळांवर फकीरप्पानं जन्म काढला होता. पहाटे हातोडा खांद्यावर टाकून निघायचं, रुळाला धरून ठेवणारी एकेक चावी ठोकून बघायची, सैल असेल ती घट्ट करायची. गाडी आली की बाजूला सरून हात उंच करायचा. नवी नवरी नीलव्वा तेव्हा जात्यावर आपणच रचून म्हणायची,

पहाटेची गाडी, रान जागवीत येई गं,
माझ्या धन्याच्या हाताला सलाम करून जाई गं.

बाया खिदळायच्या, "गाडी सलाम करते म्हणे! नवरा स्टेशनमास्तर झाला काय गं तुझा?"

आता नोकरी संपून किती वर्षं झाली. त्याच्या डोक्यातून आधी नावं गेली, मग माणसं गेली. 'नीलव्वा' हे एक नाव तेवढं उरलं होतं. तेही कधी तिला हाक मारायला, कधी म्हशीला.

दसऱ्याला लेक कस्तुरी हुबळीहून आली ती ठरवूनच.

"अव्वा, डॉक्टर दोन्ही गुडघे बदलून देतो म्हणतात. तू का अडून बसलीस?"

"भूल दिली की उरलंसुरलं डोकं जाईल, असंही तेच म्हणाले ना?"

"जाईल नाही, जाऊ शकेल म्हणाले. आणि उरलंय काय? काल अप्पांनी मला विचारलं, तिकीट काढलंस का म्हणून."

"मग, काढलं होतंस?"

"हसू नकोस! बाप रोज मरतोय आणि तू बघत बसलीस. म्हशीचा पाय मोडला असता तर डॉक्टर आणायला धावली असतीस."

नीलव्वानं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. सांगण्यासारखं होतं ते सांगवत नव्हतं.

मागच्या साली गुडघे इतके गेले नव्हते, तेव्हा एका पहाटे तो निसटला होता. शेजारचा दुरगप्पा, फकीरप्पानंच हाताला धरून शिकवलेला, आता त्याच टप्प्यावर कामाला होता. त्याला फकीरप्पा रुळावर बसलेला दिसला, धोतराच्या ओच्यात चाव्यांचा ढीग. काढायची, तेल द्यायचं, परत बसवायची, हे त्याचं जन्माचं काम. काढायचं आठवलं, बसवायचं विसरला. दुरगप्पानं सगळ्या ठोकून बसवल्या, आणि शेवटचा घाव पडतो न पडतो तोच वळणावर गाडीनं शिट्टी दिली.

दुरगप्पा कुठं बोलला नाही. नीलव्वाही नाही. पुढे थंडीत फकीरप्पाचे गुडघे पुरते बसले, उंबरा ओलांडणंही बंद झालं. त्या दिवशी तिनं देवाला नारळ फोडला. का फोडला, ते पुजाऱ्यालाही सांगितलं नाही.

"कापाकापी नको," ती म्हणाली. कस्तुरी न जेवताच एसटीला गेली.

दिवाळी सरली, आणि एका पहाटे अंथरूण रिकामं. तो पडला असेल म्हणून नीलव्वानं आधी न्हाणी पाहिली, मग गोठा. मग लांबून ओरडणं ऐकू आलं. बांधावरच्या चिंचेखाली तो रांगत होता. रुळाकडे जाणाऱ्या वाटेच्या खडीवरून, दोन्ही गुडघ्यांवर, कमरेला हातोड्याऐवजी मसाला कुटायचा बत्ता खोचलेला. एकेक गुडघा टेकताना किंचाळत होता, आणि पुढे जात होता. धोतर रक्तानं भरलेलं.

"कोण ओरडतंय गं?" तिला बघून तो म्हणाला. "जाऊन बघ तू. मला उशीर होतोय."

नीलव्वा तिथंच खाली बसली. वर्षभर तिनं ते दुखणं दारात राखणीला बसवलं होतं. ते त्याला चावत होतं नुसतं, अडवत नव्हतं.

तिनं कस्तुरीला फोन केला. "तारीख घे."

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "हे एकटे घराबाहेर पडतात का?"

"छे, कुठले," कस्तुरी म्हणाली.

"पडतात," नीलव्वा म्हणाली. "बरे झाले की जास्त पडतील." आणि चाव्यांचं सगळं सांगितलं.

कस्तुरीचा चेहरा उतरला. "अव्वा, बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझा बाप गाडी पाडायला निघाला होता म्हणून?"

डॉक्टरांनी सहीचा कागद पुढे सरकवला. मग म्हणाले, "पाय सुटतील. त्यांना आवरणार कोण, ते तुम्ही ठरवा." नीलव्वानं सही केली.

ऑपरेशनला जायच्या आदल्या संध्याकाळी दुरगप्पा लोखंडी कडी घेऊन आला. आतल्या बाजूनं, आपल्या खांद्याएवढ्या उंचीवर त्यानं दारावर खूण केली.

"वर घे," नीलव्वा म्हणाली.

"अक्का, एवढ्यापर्यंत काही हात पोचत नाही त्यांचा."

"आज वाकलेत. उद्या सरळ होतील."

दुरगप्पानं खूण वर नेली. ती पुन्हा म्हणाली, "वर." मग तिला तो गाडीपुढं उंच केलेला हात आठवला, आणि तिनं दाराकडे नीट पाहिलं. तो हात चौकटीच्याही वर जायचा. एवढं उंच दार त्या घरात नव्हतं.

"बाहेरून लाव," ती म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मी आत. पहाटे कामावर जाताना कडी घाल, परत आलास की काढ."

"तेवढ्यात आत काही झालं तर?"

"दोघांना होईल."

दुरगप्पा डोळे पुसत बाहेर जाऊन ठोकायला लागला. आत कूस बदलताना फकीरप्पा किंचाळला.

"कोण ओरडतंय गं?"

"आहे एक बिचारा. उद्या नेणार आहेत त्याला दवाखान्यात."

"बरं झालं." तो कान देऊन ऐकत राहिला. "आणि हे ठोकतंय कोण?"

"दुरगप्पा. तुमचाच."

दोन घाव त्यानं ऐकले, मान हलवली. "सैल वाजतंय. अजून एक घाव घाल म्हणावं."

नीलव्वा दाराशी गेली. लाकडाला तोंड लावून म्हणाली, "दुरगप्पा, सैल आहे म्हणतात. अजून एक घाल."