‘आपल्या’च्या जागी ‘आमच्या’

सोमवारी सकाळी मामूंना शाळेच्या गेटवरून काढून दुसऱ्या मजल्यावरच्या साहित्याच्या खोलीत बसवलं. लेखी काही नव्हतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावून एवढंच सांगितलं की काही दिवस वर बसा, नकाशे फार अस्ताव्यस्त झालेत. मामूंच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या नकाशांची कोणाला आठवण झाली नव्हती. पगार तोच, वेळ तीच, फक्त गेट नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि ते गेटवरच काढायचं, याखेरीज मामूंना कोणाकडून काही नको होतं.

काढण्याचं कारण दोन ओळींचं होतं, आणि त्या दोन ओळी त्यांच्या सख्ख्या भाचीच्या हातून गेल्या होत्या.

शाळेत त्यांना सगळेच मामा म्हणत. शिपाई म्हटला की तो मामाच. भाची तेवढी मामू म्हणे. ती याच शाळेत शिकली, तेव्हा वर्गात तिचा रुबाब होता: बाकीच्यांचा मामा फुकटचा, हिचा खरा. आता ती विद्यापीठातल्या एका प्रकल्पावर क्षेत्रसहायक होती. प्रकल्पाचं नाव अडीच ओळींचं होतं. थोडक्यात सांगायचं तर शहरातली मुसलमान माणसं रोजचं जगताना कुठे सामावली जातात आणि कुठे अडतात, हे त्यांनाच विचारायचं, लिहून काढायचं आणि तेच पुन्हा लोकांत नेऊन त्यावर चर्चा घडवायची. प्रकल्पप्रमुख प्राध्यापकबाई होत्या. भाचीला घेतलं ते ती वस्तीतलीच म्हणून. विद्यापीठाच्या माणसाला जिथे दारातून वाटेला लावलं असतं, तिथे हिला आत घेऊन पंखा लावत.

मामू मात्र मुलाखतीला तयार नव्हते. मी काय पुढारी आहे का, म्हणाले. कामावर जाणारे पुरुष बोलायला मिळेनात तेव्हा भाचीनं अम्मीला मध्ये घातलं. अम्मीनं भावाला सुनावलं की पोरीची नोकरी आहे, चाळीस मिनिटं बोललास तर तुझी जीभ झिजणार नाही. मग मामू बसले. भाचीनं संमतीपत्र वाचून दाखवलं: नाव कुठेही येणार नाही, ध्वनिमुद्रण वर्षभरात नष्ट केलं जाईल. मामूंनी सही केली. कामाच्या ठिकाणी तुमचा समावेश आहे असं वाटतं का, या प्रश्नावर त्यांनी, समावेश म्हणजे हजेरीपटावर नाव ना, असं विचारलं. दोघं हसले. पण गेटचा विषय निघाला आणि मामूंची गाडी रुळावर आली. दुकानदार मुलांवर कसे खेकसतात, बसवाले थांब्यावर न थांबता कसे पुढे काढतात, सगळं सांगितलं. त्या ओघात म्हणाले:

“आपल्या मुलांना बाहेरचा कोणी बोललेला मला खपत नाही. आपलं मूल असेल तर मी आधी त्याच्या बाजूनं उभा राहतो, मग चूक कोणाची ते बघतो.”

आपली मुलं म्हणजे शाळेची साडेसातशे मुलं. त्यांत मुसलमानांची असतील चाळीसेक. मामूंनी ती कधी वेगळी मोजली नव्हती.

गडबड झाली ती पुढे. बासष्ट मुलाखती लिहून झाल्या आणि भाषांतरासाठी संगणकाला दिल्या, तर संगणकाला ‘आपण’ उमजेना. कधी त्याचं आदरार्थी ‘तुम्ही’ व्हायचं, कधी ‘स्वतः’. प्राध्यापकबाईंच्या कार्यालयातून एक पानी सूचना आली: ‘आपण, आपला, आपल्या’ हे शब्द संदिग्ध आहेत, वक्ता स्वतःच्या समुदायाविषयी बोलत असेल तिथे ‘आम्ही, आमचा, आमच्या’ असं करून घ्यावं. हाताशी चार दिवस होते. भाचीनं पहिल्या दहा मुलाखती ओळ न् ओळ वाचून बदलल्या. त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं उरलेल्या बावन्न मुलाखतींत संगणकाकडूनच एका फटक्यात सगळे शब्द बदलून घेतले.

मग चुका शोधायला बसली, आणि चुका सापडल्याही. ‘सून आपणहून माहेरी गेली’ याचं ‘सून आम्हीहून माहेरी गेली’ झालं होतं. एक आजी ‘आम्हीच आमच्याशी बोलत’ बसली होती. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावून तिनं ते दाखवलं, दोघं पोट धरून हसले. असं वेडंवाकडं दिसलेलं सगळं तिनं निगुतीनं दुरुस्त केलं. जे सरळ दिसलं ते तसंच राहिलं. एक्केचाळिसाव्या मुलाखतीतली ती दोन वाक्यं व्याकरणात चोख बसत होती: ‘आमच्या मुलांना बाहेरचा कोणी बोललेला मला खपत नाही. आमचं मूल असेल तर मी आधी त्याच्या बाजूनं उभा राहतो, मग चूक कोणाची ते बघतो.’

‘आपल्या’त ऐकणाराही बसतो, ‘आमच्या’त तो बाहेर राहतो. हे मराठी बोलणाऱ्याला शिकवावं लागत नाही. भाचीला तर नाहीच.

अहवालात ती वाक्यं ‘गटनिष्ठा’ या प्रकरणात ठळक चौकटीत आली. खाली: प्रतिसादक ४१, पुरुष, वय ५७, शाळा कर्मचारी. प्रकाशनाच्या बातमीत एका वर्तमानपत्रानं नेमकी तीच चौकट उचलली. दुसऱ्या दिवशी कात्रण पालकांच्या फोनांतून फिरू लागलं. गेटवर उभा राहून आपल्यांचीच बाजू घेणारा माणूस कोण, हे शोधायला कोणाला संशोधनाची गरज पडली नाही. आसपासच्या शाळांत त्या वयाचे, त्या धर्माचे शिपाई असून असून किती असणार. शुक्रवारी काही पालक मोठ्या बाईंना भेटून गेले. सोमवारी नकाशांची आठवण झाली.

मूळ मुद्रण शाळेला ऐकवावं म्हणून भाचीनं विद्यापीठातलं कार्यालय गाठलं. मुद्रण नव्हतं. संमतीपत्रात कबूल केल्याप्रमाणे अहवालाच्या आदल्या महिन्यातच सगळी नष्ट केली होती, आणि नष्ट केल्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही भाचीचीच होती.

प्राध्यापकबाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. दुसऱ्या आवृत्तीत तळटीप घालू म्हणाल्या. ती कधी निघेल ते निधीवर होतं. शाळेला पत्र देता येणार नाही, कारण पत्र देणं म्हणजे प्रतिसादक कोण हे सांगणं.

“ते कोण, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, मॅडम.”

“गल्लीला माहीत असेल. विद्यापीठाला माहीत नाही. आणि तूही विद्यापीठच आहेस, हे विसरू नकोस. स्वतःहून काही लिहून दिलंस तर मला तुझ्यासाठी काही करता येणार नाही.”

हे त्या धमकी म्हणून बोलल्या नव्हत्या, खरंच हळहळून बोलल्या होत्या. त्यामुळे भांडायलाही जागा राहिली नाही.

संध्याकाळी मामूंनी तिला समोर बसवून बजावलं की काही करू नकोस. मोठ्या बाईंशी माझं बोलणं झालंय, त्या बघतायत, थोडं थंड होऊ दे. भाचीला वाटलं, हा यांचा नेहमीचा मऊपणा. रात्रभर तिला ते दोन शब्द डोळ्यांपुढे दिसत होते, एकाच्या जागी दुसरा. सकाळी तिनं पत्र लिहिलं: प्रतिसादक ४१ म्हणजे आपल्या शाळेचे शिपाई, त्यांची मुलाखत मी घेतली, ते ‘आपल्या मुलांना’ असंच म्हणाले होते, शब्द मी बदलला, चूक सर्वस्वी माझी. खाली पूर्ण नाव, सही, हुद्दा. शाळेच्या कार्यालयात लेखनिकानं पत्र घेतलं, आवक शिक्का मारला, क्रमांक घातला आणि नोंदवहीत चढवलं. मग तिला आत सोडलं.

मोठ्या बाईंनी पत्र एकदा वाचलं. मग चष्मा काढून शिक्क्याकडे बघत राहिल्या.

“हे बाहेर देऊन आलीस?”

भाची म्हणाली, हो.

“नुसती आत येऊन बोलली असतीस तर?”

मग त्यांनी सांगितलं. पालक आले तेव्हा त्यांनी एकच मुद्दा धरला होता: अहवालात नाव नाही, शाळा नाही, शहरात शाळा काय एकच आहे? नाव असेल तर दाखवा, मी कारवाई करते. पालकांकडे दाखवायला काही नव्हतं. संस्थेच्या चिटणीसांनाही त्यांनी तेच लिहून कळवलं होतं. मामांना वर बसवलं ते लोकांच्या नजरेआड, सुट्टीपर्यंत. सुट्टीनंतर नवं वर्ष, नवे पालक, मामा पुन्हा गेटवर. मामांशी हे ठरलं होतं.

“पण शब्द बदललाय ना बाई. त्यांनी तसं म्हटलंच नव्हतं,” भाची म्हणाली.

“मला ते तुझ्या पत्राशिवायही माहीत होतं. इतकी वर्षं त्या गेटातून मी काय डोळे मिटून येत होते?” बाईंचा आवाज चढला नाही. “चिटणीस वाचतील ती पहिली ओळ. ते शिपाई आमचेच, हे आता विद्यापीठाच्या माणसानं सहीनिशी दिलंय. पुढचं, शब्दाचं, त्यांना भाचीनं मामासाठी लिहिलेलं दिसेल. आणि ते दिसेल, कारण आडनाव एक नसलं तरी नातं सगळ्यांना ठाऊक आहे.”

भाचीनं पत्र परत मागितलं. बाई म्हणाल्या, आवक झालेला कागद परत देता येत नाही. नियम सांगताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

ती जिना चढून वर गेली. साहित्याच्या खोलीत मामू एका नकाशाची फाटकी कड डिंकानं चिकटवत होते. शेजारी आणखी वीसेक गुंडाळ्या, सगळ्यांना नव्या दोऱ्या. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं, काही न लपवता. मामू ऐकत होते आणि कडेवर अंगठा दाबून धरत होते.

“शिक्का मारला?” त्यांनी विचारलं.

“मारला.”

“बरं.”

मामूंनी अंगठा पुसला. भाची सांगू लागली, की मी चिटणीसांकडे जाते, वर्तमानपत्राकडे जाते, मामू, तुम्ही फक्त माझ्याबरोबर या आणि एकदा सांगा काय म्हणाला होतात ते.

“नको,” मामू म्हणाले. “तुझ्यापुढे बोललं की लिहून होतं.”

ते रागावले असते, तर बरं झालं असतं.

तेवढ्यात शाळा सुटली. त्या खोलीची खिडकी मागच्या भिंतीकडे उघडत होती, तिथून गेट दिसत नव्हतं. खालून फक्त मुलांचा गलका येत होता. भाचीनं पिशवी उचलली. मामूंनी न बघताच हातानं थांबवलं.

“आत्ता खाली जाऊ नकोस, गर्दी असते. दहा मिनिटं बस.”

ती बसली. मामूंनी पुढची गुंडाळी ओढली आणि तिच्याकडे पाठ करून उलगडायला घेतली.