वाळूवरची साय

उकंडराव बढाईखोर होते, हे त्यांची बायको गीताबाईसुद्धा चारचौघांत कबूल करायची. पण डोंगरखेडच्या फिल्टरची बढाई मारायचा हक्क त्यांना होता, बरं का. कमेटीचे, म्हणजे गावच्या म्युनिसिपालिटीचे, अध्यक्ष झाल्यापासून त्यांनी नागपूरच्या सरकारदरबारी जोडे झिजवले, अमरावतीच्या साहेबांपुढे हात जोडले, आणि तळ्याच्या पाळीखाली वाळूचे दोन हौद बांधून घेतले. एक थोरला, एक धाकटा. तळ्याचं पाणी त्या वाळूतून झिरपायचं, खाली गोळा झालं की त्यात जंतू मारायची पांढरी पावडर पडायची, आणि मग ते नळानं गावात यायचं. आसपासच्या गावांतले लोक ते बघायला बैलांच्या दमण्या जुंपून येत.

यामागं एक दुखणं होतं. त्यांची थोरली मुलगी मंजुळा पटकीच्या साथीत गेली. घरातली सगळीच तळ्याचं पाणी प्यायली होती, पण गेली ती एकटीच. उकंडराव फिल्टरबद्दल तासभर बोलत, मंजुळाबद्दल कधीच नाही.

आता भगवंतराव. हे म्हणजे उकंडरावांच्या वाटेत जन्मभर पडलेलं आडवं लाकूड. शाळेत दोघं एकाच बाकावर बसले, आणि तिथपासून जे बिनसलं ते बिनसलंच. दोघांची शेतं मोठी, आवाज मोठे, नाकं त्याहून मोठी. भगवंतराव कमेटीत उकंडरावांसमोर बसत, पण उकंडरावांच्या ओट्यावर त्यांचा पाय कित्येक वर्षांत लागला नव्हता. फिल्टर होऊ घातला तेव्हा त्यांनी भर सभेत गर्जना केली होती, "आमच्या बापजाद्यायनं हेच पानी पेलं अन् नव्वद वर्सं जगले!"

"जे नाही जगले ते सांगाले येत नाहीत ना," असं गीताबाई घरात भाकरी थापता थापता म्हणाली होती.

फिल्टर झाल्यावर उकंडरावांनी डाव टाकला. पाणी समितीचं चेअरमनपद भगवंतरावांच्याच गळ्यात घातलं. म्हटलं, घे लेका, आता लोकांच्या शिव्या तूच खा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! भगवंतरावांनी नागपूरहून आलेलं नियमांचं पत्रक मागवलं, नाकावर चष्मा चढवला आणि रोज सकाळी हौदाच्या कठड्यावर ठाण मांडलं. पावडर वजन न करता मुठीनंच पडते, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पकडलं आणि अध्यक्षांच्या नावानं तक्रार ठोकली. नियम त्यांनी उचलला तो उकंडरावांच्या पाठीत घालायची काठी म्हणून. पण रोज हातात धरून धरून ते त्याच काठीच्या आधारानं चालायला लागले, आणि हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

त्या पत्रकात सगळ्यात जाचक नियम होता तो सायीचा. वाळूच्या हौदात पाणी उभं राहिलं की काही दिवसांनी वाळूवर एक बुळबुळीत थर धरतो. हौदावरचा माणूस शकूर त्याला साय म्हणायचा, म्हणून सगळं गाव साय म्हणायला लागलं. पाणी खरं साफ करते ती ही साय. गाळ फार बसला की हौद तुंबतो, मग वरची वाळू खरवडून काढावी लागते, आणि वाळूबरोबर सायही जाते. नवी साय धरेपर्यंत खालून येणारं पाणी गावात सोडायचं नाही, नाल्यात फेकून द्यायचं. सरकारी डॉक्टरनं बघून हो म्हटलं की मगच नळाचं चाक फिरवायचं.

शालूचं लग्न ठरलं ते याच सुमाराला. शालू म्हणजे उकंडरावांची धाकटी, मंजुळा गेल्यावर उरलेली एकुलती एक. स्थळ देऊळगाव राजाचं, तालेवार. बोलणीला वराची आई कौशल्याबाई आली होती. बाई मोठी तिखट. पान तोंडात टाकता टाकता म्हणाली, "डोंगरखेडला पाण्याचा दुष्काळ असतो म्हणं. आमच्या माणसांला मांडवात पाणी मिळंल का नुसतं आश्वासन?"

झालं! उकंडरावांच्या अंगात आलं. "ईनबाई, मांडवात नळ देतो! तोटी फिरवा अन् प्या. एकेक पाहुना म्हनल का नागपुरात जेवलो."

"बघा बरं," कौशल्याबाई म्हणाली. "नळ कोरडा निघाला तर वरात आल्या पावली माघारी नेईन." सगळे हसले, पण ती हसली नव्हती.

आणि चैत्रात गारपीट झाली. नाल्याचा सगळा गाळ तळ्यात उतरला. थोरला हौद असा तुंबला की थेंब खाली जाईना. भगवंतरावांनी कोणाला न विचारता वाळू खरवडून घेतली. आता राहिला धाकटा हौद. त्याच्या पाण्यात गावाचं कसंबसं भागत होतं, त्यात वरातीची भर कुठून पडणार? विहिरी तळाला गेलेल्या, आणि जे होतं ते खारट. लग्न येऊन ठेपलं होतं, मांडवातला नळ बसवून झाला होता, आणि त्याला पाणी नव्हतं.

उकंडराव नाक मुठीत धरून तळ्यावर गेले. भगवंतराव कठड्यावर बसलेच होते. समोर थोरल्या हौदाचं पाणी मोरीतून नाल्यात धो धो पडत होतं, आणि दिसायला अगदी निवळशंख.

"भगवंता," उकंडराव म्हणाले, "लग्नाच्या दिवसापुरतं हे पानी लाइनीत घे. एकच दिवस."

"साय धरली नाही."

"पाह्य ना कसं काचेवानी दिसून राह्यलं!"

"पटकी काय काळी दिसते काय बे?"

"मंग पावडर दुप्पट टाक. वास आला तं येऊ दे."

"पत्रकात लिवलं आहे. पावडर गाळल्यावर टाकाची, गाळन्याच्या बदल्यात नाही." भगवंतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे पत्रक तूच आनलं होतं ना गावात? मी तं नको म्हनत होतो."

उकंडरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माह्या पोरीचं लगन आहे म्हनून तू हा सूड उगवून राह्यला! दुसऱ्या कोनाचं असतं तं सोडलं असतं."

भगवंतरावांनी मान फिरवली आणि ते नाल्याकडं बघत बसले. उकंडराव पाय आपटत घरी आले.

गीताबाई हळद निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. उकंडराव म्हणाले, "मी अध्यक्ष आहो. चाकाच्या कुलपाची दुसरी किल्ली माह्यापाशी आहे. मी सोडीन पानी, पाहू कोन अडवते!"

"सोडा ना," ती म्हणाली.

"सोडू?"

"तुमी मले इचारून थोडीच फिल्टर बांधला होता. मी एवढंच म्हनतो, पयला गिलास मी शालूले देनार नाही. तुमी तुमच्या हातानं द्या." आणि तिनं हळदीचं सूप उचललं आणि आत गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड येऊन जानोशाच्या वाड्यात उतरलं. त्यांच्यापुरते हंडे घरोघरून मागून आणून ठेवले होते. संध्याकाळपर्यंत ते उपडे झाले. पोरं काय, पाण्यात खेळतातच. कौशल्याबाईचा निरोप आला, "उद्या नळ चालू आहे ना?" उकंडरावांनी उलट निरोप पाठवला, "आहे."

उजाडता उजाडता ते किल्ली घेऊन तळ्यावर गेले. भगवंतराव तिथं असणार, भांडण होणार, शकूर ते चारचौघांत सांगणार, सगळी तयारी मनात करून गेले. तर तिथं कोणीच नाही! ना भगवंतराव, ना शकूर. चाकाला नुसतं कुलूप. उकंडरावांनी कुलूप काढलं आणि दोन्ही हातांनी चाक धरलं.

एक झटका दिला असता तर पाणी मांडवात गेलं असतं. शालूची मान ताठ राहिली असती, ईनबाई गप्प बसली असती, डोंगरखेडचं नाव झालं असतं. आणि कोणाला कळणार होतं? पुढं गावात चार माणसं आडवी झालीच असती तर लोक म्हणाले असते, देवीचा कोप. फिल्टरचं नावही कोणी घेतलं नसतं. नळ काय एकट्या मांडवाचा नव्हता, तोच नळ मोमिनपुऱ्यात जात होता, तोच माळ्यांच्या आळीत. आदल्या दिवशी जानोशात एक बोबडी पोर ओंजळीनं पाणी पिताना त्यांनी पाहिली होती, अर्धं पाणी फ्रॉकवर सांडत. मंजुळाही अशीच प्यायची.

"मंजू," उकंडराव मोठ्यानं म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांचे हात चाकावरून सुटले आणि ते तिथंच ओल्या मातीत बसून ढसाढसा रडले.

मग त्यांनी कुलूप लावलं, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि घरी न जाता सरळ जानोसा गाठला. कौशल्याबाई दारातच उभी होती. उकंडरावांनी फेटा काढून हातात घेतला.

"ईनबाई, म्या खोटा निरोप पाठवला. नळाले पानी नाही. पानी आहे, पन पाजन्यासारकं नाही. ते पाजून तुमच्या लेकरायले मी आजारी पाडनार नाही. एक पोरगी म्या अशीच घालवली आहे. आता वरात न्यायची तं न्या, पन शालूचा त्यात काही कसूर नाही. बढाई माही होती."

कौशल्याबाईचे डोळे लाल झाले. "म्हंजे एवढी माणसं उन्हात आणली, आणि आता पाणी नाही म्हणून सांगायलात? तोंड वर करून?" ती नवऱ्याकडं वळली. "जुंपा हो दमण्या!"

आणि तेवढ्यात वळणावरून बैलगाड्यांच्या चाकांचा आवाज आला. एकामागं एक गाड्या, प्रत्येक गाडीत रांजण, रांजणांच्या तोंडाला ओली फडकी. पुढच्या गाडीवर शकूर, आणि त्याच्या शेजारी काजळीनं काळेठिक्कर झालेले भगवंतराव. धोतराला ठिकठिकाणी जळून भोकं पडलेली.

"शकूर, हे रांजन सावलीत उतरव. झाकनं काढू नको," भगवंतराव खाली उतरत म्हणाले, आणि उकंडरावांकडं न बघता थेट कौशल्याबाईसमोर गेले. "बाई, मी पानी समितीचा चेअरमन. तळ्याचं पानी गाळून माह्या गुऱ्हाळाच्या कढयांत उकळलं आहे, चांगलं खळखळ. दोन दिवस अन् दोन राती पऱ्हाटीच्या काड्या जाळून कढया चढत्याच होत्या. तुमचं वऱ्हाड जेवून, हात धुऊन उरंल."

कौशल्याबाईनं तांब्या पुढं केला. पाणी तोंडात घेतलं आणि नाक मुरडलं. "धुराचा वास यायलाय याला."

"पऱ्हाटीचा धूर आहे, बाई. पटकीचा नाही."

बाईनं तांब्यात पाहिलं, भगवंतरावांच्या जळक्या धोतराकडं पाहिलं, मग फेटा हातात घेऊन उभ्या असलेल्या उकंडरावांकडं. "फेटा बांधा हो इवाई," ती म्हणाली, "मुहूर्ताला उघड्या डोक्यानं उभं राहायचंय का?" आणि तिनं तांब्या पुन्हा पुढं केला. "आणखी द्या. गाडीवानांला पण द्या."

लग्न लागलं. पंगती बसल्या. उकंडराव भगवंतरावांना शोधत फिरले, तर हा गृहस्थ हातात गुंड, म्हणजे पाण्याचा घडा, घेऊन पंगतीत पाणी वाढत होता. ज्याच्या घरी डझनभर गडी, तो वाकून वाकून पोराटोरांच्या पेल्यात पाणी ओतत होता, आणि कोणी हंड्यात हात बुडवला की खेकसत होता.

"बस ना बे जेवाले," उकंडराव म्हणाले.

"मी जेवाले आलो नाही. पानी पाजाले आलो."

"मले वाटलं तू सूड घेऊन राह्यला."

"मलेही वाटलं होतं," भगवंतराव म्हणाले. "तुले नाही म्हटलं तवा मले लय मजा वाटली, खोटं काऊन बोलू? पन घरी गेलो तं घास उतरंना. पानी मांगाले आलेल्या मानसाले नाही म्हनून आलो होतो मी. शत्रू असला तरी."

उकंडरावांनी आवाज बारीक केला. "भगवंता, आज सकाळी म्या चाकाले हात लावला होता."

त्यांना वाटलं, आता हा हातातला गुंड खाली टाकतो आणि भर मांडवात बोंब मारतो. भगवंतरावांनी नुसती मान हलवली.

"मी तं रोज लावतो."

"काय?"

"रोज. हा हौद खरवडला तवापासून. इतकं पानी नाल्यात जाते, अन् तिकडं बाया खारट विहिरीवर तासनतास बसून राह्यतात. माहा जीव तुटत नाही काय? रोज सकाळी चाकाले हात लावतो, अन् मंग काढून घेतो." त्यांनी समोरच्या पोराचा पेला भरला. "कठड्यावर मी तुह्यावर नजर ठेवाले बसत नव्हतो बे. माह्यावर बसत होतो."

ज्या माणसाला उकंडरावांनी अर्धं आयुष्य आडमुठा म्हटलं, तो रोज एकटा तिथं बसून केवढं ओझं उचलत होता, हे त्यांना आज कळलं. ते स्वतः एका सकाळीत मोडून पडले होते. त्यांनी भगवंतरावांच्या हातातला गुंड काढून घेतला, खांद्याला धरून त्यांना व्याह्याच्या शेजारच्या पाटावर बसवलं आणि गीताबाईला हाक मारली, "अवं, इथं एक ताट आन." मग देऊळगावच्या सगळ्या पाहुण्यांदेखत कमेटीचे अध्यक्ष खाली वाकले आणि भगवंतरावांच्या पेल्यात पाणी वाढलं.