मंदावलेले अकरा तारे

आमच्या खगोल मंडळाच्या चिटणीसबाईंनी चाळीस वर्षांची कार्डं माझ्या टेबलावर आदळली, तेव्हाच मी सांगितलं होतं की डेटाबेस म्हणजे काही खोका नव्हे, कोंबलं आणि झाकण लावलं. कार्डं रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं अशांची. कोणी शोधला, कधी शोधला, शेजारच्या कुठल्या ताऱ्याशी ताडून पाहिला, सगळं त्यांवर. रचना माझी. त्यात मी एक रकाना हट्टाने ठेवला होता: दुसऱ्या निरीक्षकाची पडताळणी. ती झाल्याशिवाय शोध पक्का धरायचा नाही.

सूट फक्त एकाला, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला. दादा मंडळातला सगळ्यात जुना, त्याच्या नोंदी कोण तपासणार, असं चिटणीसबाई म्हणाल्या आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली. त्याची नोंद आली की शोध पक्का, आणि नंतर कोणी वेगळं काही लिहिलं तर ते बाजूच्या तक्त्यात, असा नियम मीच लिहिला.

तेव्हापासून दीड वर्षात दादाने अकरा तारे शोधले. त्याआधीच्या तीस वर्षांत चार. मंडळात टाळ्या झाल्या, फोटो निघाले, आणि त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात मी सगळ्यांच्या पुढे.

आज दुपारी कार्डांवरची छोटी रेखाटनं डेटाबेसमध्ये चढवत होते. तारा तुलनेच्या ताऱ्याच्या कुठल्या बाजूला होता, एवढंच भरायचं. दादाचे अकराच्या अकरा डावीकडे. आणि सगळे मंदावणारे, उजळणारा एकही नाही. मी बाजूचा तक्ता उघडला. त्यांतले सात तारे इतर दोघांनी पाहिले होते. तेज जसंच्या तसं, असं दोघांनीही लिहिलेलं.

दादाची एक जुनी खोड आहे. दोन्ही डोळ्यांची दुर्बीण तिवईवर बसवायची, तुलनेचा तारा बरोबर मधोमध धरायचा आणि नजर तसूभर हलवायची नाही. इतरांना तो हेच शिकवतो आणि कोणी ऐकत नाही. म्हणजे मंदावत होती ती दादाची डावीकडची नजर. तारे ठणठणीत होते.

दादा शाळेची बस चालवतो. माझी छोटी त्याच बसने येते. मुलं उतरतात ती डाव्या दारातून. बसचा डावा आरसा वर्षात दोनदा फुटला, तेव्हा त्याच्या जोडीने मीही टेम्पोवाल्यांना शिव्या घातल्या होत्या.

तीन वीस झाले होते. फोन लावला, तो उचलेना. गाडी चालवताना तो फोन घेत नाही, आणि या गोष्टीचं मी चारचौघांत कौतुक करते. शाळेत विचारलं तर बस सुटली होती. चपला कशाबशा अडकवून मी कोपऱ्यापर्यंत धावले. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

बस आली. डावं चाक फुटपाथवर चढलं आणि धप्पकन खाली उतरलं. मुलं आतून हसली. छोटी उतरली. रोजच्यासारखा दादाही उतरून, वळसा घालून माझ्यासमोर आला. छोटी जाऊन त्याच्या डाव्या कोपराशी उभी राहिली.

"ही कुठे गेली?" माझ्याकडे बघत दादाने विचारलं. "आत्ता तर उतरली."

छोटी तोंड दाबून हसायला लागली. "मामा रोज असंच करतो," ती म्हणाली.

तो दचकून तिच्याकडे वळला. मी तिला घरात पिटाळलं आणि त्याला सगळं सांगितलं: अकरा तारे, डावी बाजू, त्या दोघांच्या नोंदी. तो चिडेल असं वाटलं होतं. तो बसच्या पायरीवर बसला.

"मला वाटलं, ताऱ्यांनाच काहीतरी होतंय," तो म्हणाला.

"किल्ली दे, दादा."

"आत अजून सहा पोरं आहेत."

"म्हणूनच."

त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी शाळेला फोन करून दुसरा चालक मागवला. तोवर दादा फुटपाथकडे बघत होता, मान पूर्ण डावीकडे वळवून.

"माझं कुणीतरी तपासायला हवं होतं गं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.